टक्क्याच्या खुणा आणि चकलीची भाजणी

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार. शुक्रवारी रात्री तू फोनवर तुझ्या लोड टेस्टमधल्या (जेमीटर या साधनाने एकाच वेळी अनेक खोटे युजर सोडून साइट तपासतो ती) एररबद्दल आणि वेबच्या पत्त्यातल्या टक्क्याच्या खुणांबद्दल विचारत होतीस आणि मी "टक्का दोन शून्य, नाही गं, टक्का दोन बी" करत बसले होते, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच पाठवायचं. आई झोपलीय, पावसाने सकाळपासून ठाण मांडलंय, आज कुठे जायचं नाही. चहा घेऊन बस आणि टेस्टची ती फाइल शेजारी उघडी ठेव.

आधी तुझी एरर. "इललीगल कॅरॅक्टर इन क्वेरी ॲट इंडेक्स ४१" असं जेमीटर म्हणतंय ना, त्यात सर्व्हरचा काही संबंध नाही. ती रिक्वेस्ट तुझ्या मशीनमधून बाहेरच पडलेली नाही. वेबच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) उघडं लिहायला परवानगी नसलेलं एक अक्षर आलं आणि जावाने, म्हणजे जेमीटर ज्यावर चालतं त्या भाषेने, तिथेच अडवलं. शून्यापासून मोजत जा आणि ४१ व्या जागी काय आहे ते बघ. मोकळी जागा असेल, उभी रेघ असेल, नाहीतर महिरपी कंस. कंस निघाला तर त्याचा अर्थ वेगळा. तुझ्या व्हेरिएबलच्या जागी फाइलमधला मजकूर भरलाच गेला नाही, डॉलर आणि कंसासकट नावच पत्त्यात गेलं. एक्सेलमधून "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल, यूटीएफ-८ म्हणजे अक्षरांचे बाइट करायची पद्धत) सेव्ह केलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट बसतात. पहिल्या ओळीतून कॉलमची नावं घेत असशील तर ते पहिल्या नावाला चिकटतात आणि जेमीटरला तुझं व्हेरिएबल सापडत नाही. याच्यामागे माझे दोन दिवस गेलेत, म्हणून आधी हेच बघ.

आता मूळ नियम. २००५ च्या जानेवारीत टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मासिंटर यांनी आरएफसी ३९८६ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज लिहिला, पत्ता कसा लिहायचा ते त्यात ठरलेलं आहे. इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ, टिंब, अंडरस्कोर आणि टिल्ड, एवढीच मंडळी निर्धास्त फिरू शकतात. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, हॅश, अँड, बरोबर, अधिक यांना पत्त्यात कामं नेमून दिलेली आहेत. ती माहितीचा भाग म्हणून लिहायची असतील, किंवा यादीबाहेरचं काहीही लिहायचं असेल, तर त्याचे बाइट करायचे आणि प्रत्येक बाइट टक्का आणि दोन आकड्यांत मांडायचा (हे आकडे सोळाच्या पद्धतीचे, नऊच्या पुढे ए ते एफ). यालाच एनकोड करणं म्हणतात. मोकळी जागा होते %२०, अधिक होतं %२बी, आणि खुद्द टक्का %२५. (तुला पडद्यावर हे इंग्रजीत दिसेल. मी आपलं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितेय.)

आपल्या अक्षरांचं यात काय होतं ते एकदा हाताने करून बघ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी धरून. म्हणजे पत्त्यात एका चिन्हाच्या नऊ खुणा, टक्के धरून. "प" होतो %ई०%ए४%एए. "पुणे" मध्ये प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे ३६ खुणा. मी हे पहिल्यांदा वहीत लिहून काढलं, तेव्हा आपला शब्द एवढा लांब होऊन तारेवरून जातो हे बघून खरंच थबकले. अपाची सर्व्हर मूळच्या सेटिंगला रिक्वेस्टची पहिली ओळ ८१९० बाइटपर्यंतच घेतो. इंग्रजी शोधाला ही मर्यादा कधी जाणवत नाही, पाचसहा फिल्टर लावलेल्या मराठी शोधाला जाणवू शकते.

आता जे सांगायला बसले ते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी आमच्याकडे इथल्याच एका फराळवाल्यांच्या साइटची लोड टेस्ट होती. यादी त्यांच्या दुकानातूनच आली: "चकली भाजणी १/२ किलो", "१००% शेंगदाणा तेल", "लाडू + चिवडा", "तूप & लोणी", "पोहे, जाड". मी ती एक्सेलमध्ये उघडली, दोन कॉलम काढून टाकले आणि साध्या सीएसव्हीत सेव्ह केली. साध्या सीएसव्हीत मराठी टिकत नाही, प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. मी फाइल परत उघडून बघितली नाही.

तीन आठवडे टेस्ट चालली. पाचशे युजर, सगळं हिरवं, प्रतिसादाची वेळ सुंदर. "चिवडा" म्हणजे पाच चिन्हं, "करंजी" म्हणजेही पाच. दोन्हींची पाच प्रश्नचिन्हं झाली होती, आणि सर्व्हर दोन्हींना "काही सापडलं नाही" हे एकच पान कॅशमधून, म्हणजे आधीच साठवून ठेवलेल्या पानांतून, काढून देत होता. पान व्यवस्थित येत होतं, कोड २०० (सर्व्हरच्या भाषेत "ठीक") होता, म्हणून जेमीटरच्या लेखी सगळं पास.

वसुबारसेच्या सकाळी त्यांचा फोन आला. खरी माणसं खरे शब्द शोधायला लागली होती. तो शोध थेट डेटाबेसपर्यंत जात होता, आणि त्या वाटेवर आम्ही एकदाही भार टाकलेला नव्हता. मी दुकानात गेले. काउंटरसमोर लोक गोल फिरणारं चक्र दिसणारे फोन हातात धरून उभे होते, आणि आतल्या मावशी पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर ऑर्डरी लिहून घेत होत्या. एक आजोबा मावशींना परत परत सांगत होते की मी कालपासून प्रयत्न करतोय हो. रात्री ॲक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या पत्त्यांची नोंद, काढला. त्या तीन आठवड्यांच्या ओळीच्या ओळी %३एफ%३एफ%३एफ%३एफ%३एफ. प्रश्नचिन्हाची ती खूण, शुभा. लॉग पहिल्या दिवशी पाच मिनिटं वाचला असता तर कळलं असतं. ते आजोबा मला अजून आठवतात, आणि म्हणूनच तुझ्या प्रश्नाला मी इतकं लांबलचक उत्तर देतेय.

आता त्याच यादीतले बाकीचे पदार्थ घे. एरर आली तर आपण तिच्या मागे लागतो. गप्प राहणाऱ्या खुणांनी मला जास्त छळलंय.

"तूप & लोणी" उघडं पाठवलंस आणि मोकळ्या जागांचं तेवढं %२० केलंस, तर सर्व्हर फक्त "तूप" शोधतो, कारण अँड दिसला की त्याच्या दृष्टीने पुढचं पॅरामीटर, म्हणजे नाव आणि मजकुराची पुढची जोडी, सुरू झालं. हॅशचं आणखी वाईट. हॅशच्या पुढचं काही सर्व्हरकडे जातच नाही, तो भाग ब्राउझरने स्वतःजवळ ठेवायचा असा नियम आहे. म्हणून "#दिवाळी" असा शोध उघडा गेला की रिकामा शोध पोचतो आणि सगळी यादी परत येते. दोन्हीकडे कोड २००.

"लाडू + चिवडा" हे मात्र नीट समजून घे, कारण अनुभवी माणसंही इथे चुकतात. प्रश्नचिन्हाच्या पुढे, फॉर्मच्या जुन्या पद्धतीप्रमाणे, अधिक म्हणजे मोकळी जागा. प्रश्नचिन्हाच्या आधी, म्हणजे वाटेच्या भागात, अधिक म्हणजे अधिकच. जेमीटरचं अर्लएनकोड फंक्शन फॉर्मची पद्धत वापरतं, मोकळ्या जागेचं अधिक करतं. पॅरामीटरमध्ये ते चालतं. तेच तू वाटेत घातलंस तर "चकली भाजणी" ऐवजी "चकली+भाजणी" नावाची वस्तू मागितली जाते, आणि ती दुकानात नसते. मोबाइल नंबरच्या आधीचं +९१ उघडं गेलं की त्यातला अधिक असाच गळतो.

मी आता वाटेत जाणारी नावं पायथनच्या कोट फंक्शनने आधीच बदलून फाइलमध्ये ठेवते. ते मोकळ्या जागेचं %२० करतं. फक्त तिरकी रेघ ते मुळात सोडून देतं, "१/२ किलो" साठी त्याचं "सेफ" हे सेटिंग रिकामं द्यावं लागतं. आणि आधीच बदललेलं नाव जेमीटरच्या पॅरामीटरच्या तक्त्यात टाकणार असशील तर "यूआरएल एनकोड" ची टिक काढ. नाहीतर %२० मधल्या टक्क्याचंच %२५ होतं आणि %२५२० तयार होतं. लॉगमध्ये %२५ च्या पुढे लगेच दोन आकडे दिसले की ओळखायचं, दोनदा एनकोड झालंय.

तिरकी रेघ बदलून %२एफ केलीस तरी सर्व्हर ती घेईलच असं नाही. अपाची मूळच्या सेटिंगला ४०४ (सापडलं नाही) देतो, टॉमकॅट हा दुसरा सर्व्हर ४०० (रिक्वेस्ट चुकीची). यात टेस्टची चूक नसते, ते डेव्हलपरकडे न्यायचं. खऱ्या गिऱ्हाइकालाही तेच दिसणार आहे.

"पोहे, जाड" मधल्या स्वल्पविरामाने कॉलम सरकतात. मी सरळ टॅब वापरते. आणि सीएसव्हीच्या खिडकीत फाइल एनकोडिंगच्या जागी यूटीएफ-८ लिहायचंच. ते रिकामं असलं की जेमीटर मशीनचं एनकोडिंग धरतो. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या जावा १८ पासून ते यूटीएफ-८ झालं, त्याआधीच्या जावात विंडोजवर भलतंच असायचं. तुझ्या लॅपटॉपवर चालणारी स्क्रिप्ट टेस्टच्या जुन्या मशीनवर वेडीवाकडी अक्षरं पाठवते, ती यामुळे.

एक खास आपलं दुखणं. "कऱ्हाड" दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ असतो, तेव्हा सहा चिन्हं होतात. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, म्हणजे सात. डोळ्याला बहुतेक ठिकाणी एकच, पत्त्यात ५४ खुणा आणि ६३ खुणा. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली तीच अक्षरं एक करायच्या नियमांनी) हे दोन एक होत नाहीत, कॅशही दोघांना वेगळं धरते. तुमच्या नाशिकच्या साइटवर गावांची नावं आहेत म्हणालीस ना, तर दोन्ही रूपं फाइलमध्ये घाल. "१००" देवनागरीत आणि इंग्रजी आकड्यांत, तेही.

तुझ्या साहेबांना सरासरी वेळ दाखवशील तेव्हा अडलेल्या रिक्वेस्ट वेगळ्या काढून दाखव. मशीनमधून बाहेर न पडलेली रिक्वेस्ट जवळपास शून्य वेळात "संपते", अशा शेकडो मिसळल्या की सरासरी छान दिसते. माझ्या एका टेस्टमध्ये युजर वाढवल्यावर वेळ कमी होत गेली. खोलीतले सगळे खूश होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता.

आता तू असं कर. मोठी टेस्ट लावायच्या आधी एकच युजर घे, फाइलमधली प्रत्येक ओळ एकदा पाठव, आणि सर्व्हरचा लॉग मागून घे. देत नाहीत म्हणाले तरी मागत राहा. लॉगमधला पत्ता उलगडून फाइलमधल्या ओळीशी ताडून बघ. मग पानात तोच पदार्थ आला का याचं असर्शन, म्हणजे आपोआप होणारी तपासणी, लाव, नुसत्या २०० वर थांबू नकोस.

इतक्या वर्षांनी कामावर परत आलीस आणि पहिल्याच महिन्यात "हे हिरवं का दिसतंय" असं विचारलंस, याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगायचं राहून गेलं.

काकूंना नमस्कार, आणि धाकटीचा खोकला कसा आहे ते कळव. फाइलच्या पहिल्या वीस ओळी पाठव, मंगळवारी संध्याकाळी बघून ठेवते. नऊनंतर फोन कर.

तुझी,
नीलू