तिरंग्यातली पांढरी पट्टी राखाडी दिसली, त्याबद्दल तक्रार

पुणे,
सोमवार, 22 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: रविवार, 13 जुलै 2025 रोजी दुपारी 4.15 च्या खेळाला स्क्रीन 4 वर अंधूक चित्र दाखवल्याबद्दल, आणि त्यावर आलेल्या आपल्या उत्तराबद्दल.

महोदय,
स. न. वि. वि.

वरील तारखेला मी, माझी पत्नी, सून आणि सातवीतली नात असे चौघे आपल्या थिएटरात एक नवा मराठी चित्रपट पाहायला आलो होतो. चार तिकिटांचे 1,280 रुपये झाले, सुविधा शुल्क वेगळं. (सुविधा कोणाची झाली ते अजून कळलेलं नाही, तिकीट सुनेने स्वतःच्या मोबाइलवर स्वतःच काढलं.) चित्रपटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या मंडळींचा नाही.

काहीतरी बिघडलंय हे मला पिक्चर सुरू होण्याआधीच कळलं. राष्ट्रगीत लागलं, सगळे उभे राहिले, पडद्यावर तिरंगा फडकला, आणि त्यातली पांढरी पट्टी पांढरी नव्हती. पावसाळ्यात चार दिवस न वाळलेल्या धोतराचा रंग होतो, तसा रंग होता. केशरी पट्टी विटकरी झाली होती. मागे वळून केबिनच्या काचेकडे बघायची माझी जुनी सवय मी ती बावन्न सेकंद कशीबशी आवरली.

सवय जुनी म्हणजे, मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी थिएटरात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. 1979 साली लागलो तेव्हा कार्बनची मशीन होती. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवायची आणि त्या उजेडावर पिक्चर चालवायचा. कांड्या जळत जातात तसं त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळावं लागे. बिडी ओढायला दोन मिनिटं बाहेर गेलं की पडद्यावर पिवळट छाया आलीच, आणि खालून आवाज, "ए ऑपरेटर, झोपला का!" पुढे झेनॉनचा बल्ब आला आणि ते काम सुटलं. उजेडावर लक्ष ठेवायचं मात्र सुटलं नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते टीव्हीच्या दुकानात ऐकलेलं ज्ञान नाही, एवढं आपण धरून चालावं.

त्या दिवशीच्या चित्रपटात निम्म्याहून जास्त प्रसंग रात्रीचे, एका वाड्यातले होते. कंदिलाचा उजेड, माजघर, परसदार. आम्हाला दिसलं ते असं, की कंदील दिसतो, कंदील धरलेला हात दिसतो, आणि बाकी सगळा काळोख. माणसं आवाजावरून ओळखावी लागत होती. पत्नी दोनदा म्हणाली, "कोण बोलतंय हे?" मध्यंतरात मी बाहेर जाऊन गणवेशातल्या मुलाला सांगितलं. मुलगा सभ्य होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तो म्हणाला, "सर, सिस्टिम ऑटोमॅटिक आहे." मग ड्युटी मॅनेजर आले. ते म्हणाले, "पिक्चरच डार्क आहे, सर." मी म्हटलं, मग आधीची टूथपेस्टची जाहिरातही डार्क होती का? त्यातल्या बाईचे दात राखाडी दिसत होते. यावर ते हसले आणि वॉकीटॉकीवर काहीतरी बोलत निघून गेले. चित्रात फरक पडला नाही.

मध्यंतरानंतर मी एक साधी परीक्षा केली. आमच्या मधल्या खुर्च्यांवरून पडद्याचा मध्य बऱ्यापैकी उजळ आणि कडा मावळलेल्या दिसत होत्या. मी उठून डावीकडच्या शेवटच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो, तर उजळ भाग माझ्याबरोबर डावीकडे सरकला आणि उजवा कोपरा जवळजवळ विझला. साध्या पांढऱ्या पडद्यावर एवढा फरक पडत नाही. तो उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. चंदेरी पडद्यावर असं होतं. चंदेरी पडदा लावतात तो थ्रीडीसाठी, कारण चष्म्याच्या थ्रीडीत उजेडाला जी दिशा दिलेली असते ती साध्या पडद्यावर आपटून विस्कटते, चंदेरीवर टिकते. तिथवर ठीक. पण त्याच स्क्रीनवर आमच्या आधीचा खेळ थ्रीडी कार्टूनचा होता. बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हातात चष्मे मी स्वतः पाहिले. माझा अंदाज असा, की तो खेळ संपल्यावर प्रोजेक्टरच्या तोंडापुढचा थ्रीडीचा फिल्टर बाजूला केलाच गेला नाही. तसा फिल्टर मध्ये असला की निम्म्याहून जास्त उजेड तिथेच अडतो. हा अंदाज चुकीचा असेल तर दुसरी शक्यता म्हणजे बल्ब म्हातारा झालाय. झेनॉनचा बल्ब एकदम जात नाही, महिनोन्‌महिने मंदावत जातो, आणि रोज तेच पाहणाऱ्याला ते कळत नाही. दोन्ही दोष एकत्र असले तरी मला नवल वाटणार नाही.

हे सगळं मी 14 जुलैला ई-मेलने सविस्तर कळवलं होतं. नऊ दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं. त्याचा सारांश असा, की प्रकाशयोजना ही दिग्दर्शकाची कलात्मक निवड असते, कंपनी तिचा आदर करते, आणि माझ्या गैरसोयीबद्दल सोबत एका लहान पॉपकॉर्नचं कूपन जोडलं आहे. कूपन सोमवार ते गुरुवार चालतं, मुदत तीस दिवस. दिग्दर्शकाच्या निवडीपुढे मी काय बोलणार? गप्प बसलो.

गप्प बसलो ते विसर्जनापर्यंत. त्यानंतरच्या शनिवारी तोच चित्रपट ओटीटीवर आला आणि नातीने घरी लावला. आमच्याकडे 55 इंची टीव्ही आहे, मुलाने दोन दिवाळ्यांपूर्वी घेतलेला, महागातला नाही. रात्रीचे साडेनऊ, दिवे बंद. वाड्यातला तो कंदिलाचा प्रसंग आला आणि नात ताडकन उठून बसली. परसदारी खांबामागे एक म्हातारी बसलेली होती. वाती वळत होती. पूर्ण प्रसंगभर ती तिथेच होती, सगळं ऐकत होती, आणि शेवटी घरातलं गुपित फुटतं ते तिच्यामुळे. थिएटरात आम्हाला वाटलं होतं की लेखकाने शेवट कुठूनतरी ओढून आणलाय. घरी येताना रिक्षात आम्ही त्याला नावंही ठेवली होती. नात म्हणाली, "आबा, ही आजी थिएटरमध्ये नव्हती ना?"

होती. आपण दाखवली नाहीत.

महोदय, दिग्दर्शकाची निवड ती म्हातारी होती. काळोख ही निवड आपल्या स्क्रीन 4 ची.

आता कोणी म्हणेल, मग घरी टीव्हीच बघा की. माझी तक्रार तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टीव्हीचे गुण मी जाणतो. साधा टीव्हीसुद्धा दोन-तीनशे निट (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड देतो. सिनेमाच्या पडद्यासाठी जगभर मानलेला आकडा आहे फक्त 48 निट, म्हणजे जुन्या हिशेबाने 14 फूट-लॅम्बर्ट. पण काळोख्या हॉलमध्ये तेवढा उजेड पुरतो. डोळा त्या काळोखाला सरावतो आणि 48 निटमध्येही पांढरं लखलखीत पांढरं दिसतं. मात्र अट अशी, की ते 48 खरोखर पडद्यावर पडले पाहिजेत. त्यातले पंधरा-वीसच पोचले तर गडद प्रसंगांतला तपशील आधी जातो. म्हातारी आधी जाते, कंदील शेवटी.

टीव्हीचे अवगुणही सांगतो. दुकानातून आला तेव्हा आमचा टीव्ही 'व्हिव्हिड'वर, म्हणजे भडक रंगांच्या सेटिंगवर होता. सगळ्या नटांना कावीळ झाल्यासारखी वाटत होती. शिवाय त्यात ती चित्र गुळगुळीत करायची करामत चालू होती. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो आणि लाखो रुपयांचं चित्रीकरण दुपारच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. हॉलिवूडच्या टॉम क्रूझने 2018 च्या डिसेंबरात खास व्हिडिओ काढून लोकांना ते बंद करायला सांगितलं होतं, ते उगीच नाही. मी मेनूत शिरून 'फिल्ममेकर मोड' (चित्र मूळ बनवलं तसंच दाखवणारं सेटिंग) लावला तेव्हा कुठे डोळ्यांना बरं वाटलं. तरीही ओटीटीवर धुकं आलं, संध्याकाळचं आकाश आलं, की रंगांचे पायऱ्यापायऱ्यांसारखे पट्टे दिसतातच. कारण फोर-केचा प्रवाह घरी येतो तो सेकंदाला 15 ते 25 मेगाबिटचा. आपल्याकडे तोच चित्रपट हार्ड डिस्कवरून वा सॅटेलाइटवरून येतो आणि डिजिटल सिनेमाच्या 2005 सालच्या मानकाप्रमाणे त्याला सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत मुभा असते. म्हणजे आमच्या दसपट माल आपल्या दारात येऊन पडू शकतो. धुकं आपल्याकडे धुक्यासारखं दिसायला हवं.

आणि आकार. आमचा टीव्ही चार फूट रुंद. आपला पडदा चाळीसेक फूट. पडदा दुप्पट रुंद केला की उजेड चौपट लागतो, हे गणित कंपनीला मी शिकवायला नको. पण मोठ्या पडद्याच्या जाहिराती करताना बल्बचा हिशेब कोणी केला होता का, असं विचारावंसं वाटतं. घरी कुकरच्या शिट्ट्या होतात, शेजारचे डबा परत द्यायला येतात, मुलगा मध्येच फोन घेतो. दोनशे अनोळखी माणसांबरोबर श्वास रोखून बसण्याचं सुख टीव्ही देऊ शकत नाही. त्यासाठी आम्ही पार्किंगचे पैसे भरून आपल्याकडे येतो. टीव्ही चांगला झाला म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. आपण त्याला फुकट जिंकवताय म्हणून लिहितोय.

योगायोग पाहा. आज घटस्थापना, आणि आजपासूनच 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 आहेच. म्हणजे सरकारदरबारी दोघांचा कर आता सारखा. सकाळच्या पेपरात चार पानं टीव्हीच्या जाहिराती आहेत. आमच्या सोसायटीत दोघांनी बुकिंगही केलं.

एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर पत्र खोटं ठरेल. मंद उजेडावर पिक्चर मीही चालवलाय. कार्बन महाग होते आणि मालक म्हणायचे, करंट जरा खाली ठेव. उरलेली थुटकं जोडून जाळायला लावायचे. मी ते केलं. पण आमच्याकडे पाचच मिनिटांत स्टॉलमधून शिट्ट्या सुरू व्हायच्या, "लाइट! लाइट!" असा ओरडा व्हायचा, एकदा तर पडद्यावर चप्पल आली. मग मी मालकांना न विचारता करंट वाढवायचो. माझी लाज त्या प्रेक्षकांनी राखली. आपल्याकडे मी मागे वळून पाहिलं तर केबिनमध्ये माणूसच नव्हता. सगळे खेळ कुठूनतरी कॉम्प्युटरवर लावलेले. आम्ही ओरडायचं कोणाकडे पाहून? म्हणून पत्र.

माझ्या मागण्या अशा. 13 जुलैच्या त्या खेळाच्या चारही तिकिटांचे पैसे सुविधा शुल्कासह परत मिळावेत. स्क्रीन 4 च्या प्रोजेक्टरमधल्या बल्बचे त्या दिवशीपर्यंत किती तास झाले होते, ते लेखी कळवावं. मशीन हा आकडा स्वतः नोंदवतं, शोधावा लागत नाही. त्या खेळाला थ्रीडीचा फिल्टर बाजूला होता की नव्हता, हे कळवावं. आणि पडद्याच्या मध्यावर व चारही कोपऱ्यांत पांढरं चित्र लावून मीटरने मोजलेला उजेड किती येतो, तो निटमध्ये असो वा फूट-लॅम्बर्टमध्ये, तारखेसकट द्यावा. माझ्याकडे मीटर नाही. आपल्याकडे असायला हवा, आणि नसेल तर तेही लिहून द्यावं.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला सेवेतील त्रुटी म्हणतात, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि 1,280 रुपयांच्या दाव्याला फी लागत नाही. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

तिकिटांची प्रत, आधीचा ई-मेल आणि आपलं उत्तर सोबत जोडलं आहे. पॉपकॉर्नचं कूपनही परत करत आहे. त्याची मुदत ऑगस्टमध्येच संपली.

कळावे,
आपला,
(सही, पत्ता व फोन मूळ प्रतीवर)

ता. क. स्क्रीन 4 च्या केबिनची काच पुसून घ्यावी. आतल्या बाजूने उजवीकडे खाली कोणाचा तरी पूर्ण पंजा उमटला आहे. बाहेर पडताना मी पाहिला.