सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप नव्हे

संपादक, स.न.वि.वि.

टीप देण्याबद्दलचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला, बिलात सर्व्हिस चार्ज धरलेला असेल तर वेगळी टीप कशाला हा त्यातला मुद्दा मात्र अजिबात पटला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हा चार्ज हॉटेलने आपोआप बिलात लावायचा नाही, वर त्याच्यासकट एकूण रकमेवर जीएसटीही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या, म्हणजे द्यायचा की नाही ही आपली मर्जी. तरी बऱ्याच ठिकाणी तो छापून येतोच आणि सोबत घरची मंडळी, पाहुणे असले की कोण वाद घालणार, आपण गुपचूप भरतो. तो पैसा जातो गल्ल्यात, त्यातलं वेटरच्या हातात किती पडतं हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

मी तरी चार्ज काढायला लावतो आणि जमेल तेवढे वेटरच्या हातात देतो (यूपीआय आल्यापासून खिशात सुटे नसतात, बडीशेपेची ताटली तशीच परत जाते, हेही खरंच). मॅनेजर ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, लेखात हा नंबर द्यायला हवा होता.

- एक वाचक, पुणे