लाफोंतेनचा मतदारसंघ

प्रिय दोस्ता,

काल संध्याकाळी इथे मॉन्ट्रियलच्या लाफोंतेन पार्कात चालायला गेलो होतो आणि ज्याच्या नावाचं ते पार्क त्या लाफोंतेनच्या पुतळ्यापाशी बसल्याबसल्या तुझी फार आठवण आली, कारण तू वकील, आणि या माणसाबद्दल तुला सांगायचं कधीचं मनात होतं.

लुई-इपोलीत लाफोंतेन, कॅनडातल्या फ्रेंच लोकांचा पुढारी, जन्म १८०७, वडील सुतारकाम करायचे. हा शिकून वकील झाला आणि तेविसाव्या वर्षी असेंब्लीत निवडून पण आला. १८३७ च्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या बंडात शस्त्र उचलायच्या विरोधात होता, तरी १८३८ मध्ये याला उचलून तुरुंगात टाकलं, आरोप काही नाही, आणि काही आठवड्यांनी सोडून दिलं!

पण खरी गोष्ट १८४१ ची. इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन्ही कॅनडा एक केले होते आणि पार्लमेंटच्या कागदपत्रांतून फ्रेंच भाषा काढून टाकली होती. इलेक्शन आलं. तेव्हा मतदान उघड असायचं, सगळ्यांसमोर उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं, आणि याच्या तेरबोन मतदारसंघात मतदानाची जागा मुद्दाम आडबाजूला इंग्रजी वस्तीत ठेवलेली, वर दंडुके घेतलेली माणसं उभी. रक्त सांडेल म्हणून याने माघार घेतली. तर टोरांटोचा इंग्रजी बोलणारा वकील रॉबर्ट बाल्डविन दोन ठिकाणी निवडून आला होता, त्याने यॉर्कची जागा सोडून याला उभं केलं, आणि तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी या फ्रेंच कॅथलिक माणसाला निवडून दिलं रे! पुढे बाल्डविन हरला तेव्हा रिमुस्कीच्या फ्रेंच लोकांनी त्याला निवडून दिलं, परतफेड अशी.

१८४२ मध्ये सभागृहात हा फ्रेंचमध्ये बोलायला लागला, इंग्रजीत बोला म्हणून आवाज आला, तर म्हणाला की मला इंग्रजी फ्रेंचइतकीच चांगली येत असती तरी माझं पहिलं भाषण मी माझ्या लोकांच्याच भाषेत केलं असतं. हे वाचताना अंगावर काटा येतो.

१८४८ मध्ये लाफोंतेन-बाल्डविन दोघांचं सरकार आलं. पुढच्या वर्षी बंडातल्या नुकसानभरपाईच्या बिलावर गव्हर्नरने सही केली आणि त्याच रात्री, बंडखोरांनाही पैसे मिळतील म्हणून चिडलेल्या इंग्रजी जमावाने मॉन्ट्रियलचं पार्लमेंट जाळलं, हजारो पुस्तकं गेली, लाफोंतेनच्या घरावर पण चाल करून गेले. पण बिल मागे घेतलं नाही.

१८५१ ला राजकारण सोडलं, १८५३ ला चीफ जस्टिस झाला. आपल्याकडच्या खोतीसारखी तिथे जुनी जमीनदारी होती, ती मोडल्यावर कोणाचा हक्क किती हे ठरवणाऱ्या खास कोर्टाचा प्रमुख पण हाच. १८६४ मध्ये गेला.

तू आलास की ओटावाला जाऊ, पार्लमेंट हिलवर लाफोंतेन आणि बाल्डविन दोघांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत.

तुझाच