कॅबिनेट कापण्याआधी डिस्कमागची जागा मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

संगणकात आणखी चार-पाच हार्ड डिस्क बसवायच्या म्हणून कॅबिनेटचा पत्रा कापून त्यात डिस्कचा पिंजरा, म्हणजे केज, बसवणाऱ्या हौशी मंडळींची संख्या बरीच आहे. याला कारणही आहे. नव्या कॅबिनेटचा पुढचा भाग काच आणि पंख्यांना गेला आणि साडेतीन इंची डिस्कसाठी एक-दोन जागा उरल्या. उलट जुन्या दणकट कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची तीन-चार कप्पे सीडी ड्राइव्हची वाट पाहत रिकामे पडलेले असतात. असे कॅबिनेट भंगारात घालण्यापेक्षा त्यात फेरफार करणे केव्हाही चांगले. मात्र बहुतेकांचे काम पत्रा कापताना बिघडत नाही. ते बिघडते त्याआधी, कारण मोजमाप फक्त रुंदीचे आणि उंचीचे घेतलेले असते. खोली, हवा आणि वीज या तीन गोष्टी पिंजरा घट्ट बसल्यावर आठवतात. त्याविषयी हे पत्र.

साडेतीन इंची डिस्क 101.6 मिमी रुंद, 147 मिमी लांब आणि 26.1 मिमी उंच असते. आता हिशेब करू. पुढे पंखा 25 मिमी, मग डिस्क 147 मिमी, तिच्या मागे साटा प्लग (डिस्कला डेटा आणि वीज पोचवणारा) आणि तारेचे वळण यांना किमान 40 मिमी. झाले 212. पंखा आणि डिस्क यांच्यात दहा-पंधरा मिमी मोकळी जागा सोडायची, म्हणजे सव्वादोनशेच्या घरात गेलो. एवढी जागा कॅबिनेटच्या पुढच्या पत्र्यापासून मदरबोर्डच्या कडेपर्यंत मिळते का, आणि लांब ग्राफिक्स कार्ड त्यात शिरते का, हे आधी पाहावे. कार्डाचे टोक पिंजऱ्यात घुसत असेल तर काटकोनी प्लगमुळे वीसेक मिमी वाचतात, पण काटकोन वरच्या दिशेचा की खालच्या, हे तपासूनच घ्या. चुकीच्या दिशेचा प्लग शेजारच्या डिस्कच्या प्लगवर आदळतो.

सव्वापाच इंची कप्प्यात बसणारे उपकरण 146 मिमी रुंद असते आणि तीन कप्प्यांची एकत्र उंची सव्वाशे मिमीच्या आसपास भरते. या चौकोनात डिस्क दोन प्रकारे मावतात. आडव्या रचल्या तर चार: 104 मिमी डिस्कचे आणि मध्ये प्रत्येकी पाच-सहा मिमी हवा. उभ्या लावल्या तर पाच: 130 मिमी डिस्कचे, आणि उरलेल्या पंधरा-सोळा मिमीमध्ये पिंजऱ्याच्या भिंती आणि सगळ्या फटी. म्हणजे दर डिस्कला जेमतेम दोन-अडीच मिमी. पाचवी डिस्क मिळवण्याची किंमत ही आहे. बारीक फटीतून हवा ढकलायला पंखा जोराने फिरवावा लागतो आणि आवाज वाढतो. रोज रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकात माझे मत चार डिस्कच्याच बाजूने आहे. दोन्ही प्रकारांत 120 मिमीचा पंखा समोर नीट बसतो.

आडव्या किंवा उभ्या, दोन्ही ठेवणी डिस्कला चालतात. तिरकी ठेवण मात्र टाळावी.

कापण्याच्या दिवशी मदरबोर्ड, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), तारा, पंखे सगळे बाहेर काढावे. “फक्त चार भोके तर पाडायची आहेत” म्हणून मदरबोर्डवर कापड टाकून ड्रिल चालवणे हा सर्वांत महागात पडणारा आळस आहे. लोखंडाचा कीस केसाइतका बारीक असतो. तो प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये किंवा रॅमच्या खोबणीत अडकतो आणि वीज लावल्यावर शॉर्ट करतो. काम संपले की लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सगळीकडे फिरवावे. पिशवी उलटी करून काढली की कीस आपोआप गोळा होतो. ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटला चुंबकाचा उपयोग नाही. तिथे ब्रश, व्हॅक्यूम आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसणे. पत्र्याच्या दुमडलेल्या कडांमध्ये कीस लपतो, म्हणून कॅबिनेट उलटे करून चारही बाजूंनी थोपटावे.

जुना पिंजरा किंवा कप्प्यांची चौकट बहुधा रिव्हेटने पक्की केलेली असते. रिव्हेटच्या डोक्यात मधोमध खळगा असतो, त्यात ड्रिल बिट आपसूक बसते. 3.2 मिमीच्या रिव्हेटसाठी 4 मिमीचे बिट घ्यावे, वेग कमी ठेवावा आणि डोके सुटेपर्यंतच ड्रिल चालवावे. आरपार जायचे नाही. डोके बिटाभोवती कड्यासारखे फिरू लागले की थांबा, उरलेला दांडा पंचाने ठोकून खाली पाडा. कधी कधी अख्खा रिव्हेटच बिटाबरोबर फिरू लागतो आणि काही कापले जात नाही. तेव्हा जोर लावून उपयोग नसतो. मागचा भाग पक्कडीने धरावा किंवा डोक्याखाली पातळ स्क्रूड्रायव्हर सरकवून किंचित ताण द्यावा, फिरणे थांबते. जास्त दाबले तर भोक लांबट होते, आणि मग त्या भोकात नवा रिव्हेट धरत नाही. अशा ठिकाणी वॉशर घालून 4 मिमीचा नट-बोल्ट लावावा.

सव्वापाच इंची कप्प्यांच्या आतल्या भिंतींना लहान पत्र्याच्या जिभा असतात. सीडी ड्राइव्ह त्यांवर टेकतो. तीन कप्पे व्यापणारा पिंजरा आत सरकवला की तो याच जिभांवर अडतो. त्या कापायची गरज सहसा नसते. रुंद तोंडाच्या पक्कडीने भिंतीला सपाट दाबाव्या, भिंतीच्या मागच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरून. ठोकळा नसेल तर जीभ सपाट होण्याऐवजी भिंतच बाहेर फुगते आणि कॅबिनेटचे झाकण लागत नाही. जीभ पुढे-मागे दोनतीनदा वाकवली तर तुटते. तुटली तर तुटू द्या, पण तिथली कड कानशीने घासा.

चौकट पूर्ण काढली की कॅबिनेटचा पुढचा भाग ढिला पडतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते. अर्धा-पाऊण मिमीच्या पत्र्याला ती चौकटच आधार देत असते. नवा पिंजरा कसण्याआधी कॅबिनेट सपाट फरशीवर उभे करून समोरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावे. मिमीभराहून जास्त फरक असेल तर कॅबिनेट पिळले गेले आहे. तसेच कसले तर पिळ कायमचा राहतो आणि बाजूचे झाकण खाचेत सरकत नाही. वजनाचाही विचार करावा. एक मोठी डिस्क साधारण 700 ग्रॅमची असते, आठ डिस्क म्हणजे साडेपाच किलोच्या वर. एवढे वजन नुसत्या तळाच्या पत्र्यावर सोपवू नये. खाली ॲल्युमिनियमचे दोन अँगल आडवे टाकून पिंजरा त्यांवर कसावा.

भोके आखताना मोठ्या डिस्कची एक खोड लक्षात ठेवा. बाजूच्या टोकाच्या दोन भोकांमधले अंतर 101.6 मिमी असते आणि जुन्या डिस्कमध्ये त्यांच्या मधे तिसरे भोक असे. जास्त क्षमतेच्या अनेक डिस्कमध्ये हे मधले भोक नसते. खालच्या बाजूची भोकेही बदलली आहेत: जुन्यांत पुढच्या-मागच्या भोकांमध्ये 44.45 मिमी, नव्यांत अनेकदा 76.2 मिमी. जुन्या पिंजऱ्यातले ट्रे मधल्या भोकावर अवलंबून असतात, त्यामुळे नवी डिस्क एकाच स्क्रूवर लटकते. ट्रेला नवे भोक पाडा. डिस्कला मात्र कधीही ड्रिल लावू नका. हेलियम भरलेली डिस्क असेल तर ती त्याच क्षणी संपते, आणि साध्या डिस्कच्या अंगावरचे श्वासाचे बारीक छिद्रही झाकले जाता कामा नये.

स्क्रूची गफलत नेहमीची. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचा 6-32 स्क्रू लागतो, अडीच इंची डिस्क आणि सीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचा एम3. एम3 स्क्रू मोठ्या डिस्कच्या भोकात जातो, बसल्यासारखाही वाटतो, पण काही दिवसांच्या थरथरीने बाहेर येतो. उलट बाजूने 6-32 स्क्रू एम3च्या भोकात दाबून फिरवला की ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात. पिंजऱ्याला भोक 4 मिमीचे पाडावे, म्हणजे इकडे-तिकडे सरकवायला थोडी जागा राहते. पत्र्याची जाडी सोडून स्क्रू डिस्कमध्ये तीन-साडेतीन मिमी गेला की पुरे.

थरथरीबद्दल दोन मते आहेत. मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते. चार डिस्क अगदी एका वेगाने फिरत नसल्याने त्यांचा घुंघुं आवाज चढतो-उतरतो, आणि पातळ पत्रा तो मोठा करतो. म्हणून पुष्कळ जण प्रत्येक डिस्क रबरावर झुलती ठेवतात. मला ते पटत नाही. हलकी टांगलेली डिस्क हेड हलवताना स्वतःच्या धक्क्याने हलते आणि शेजारणीचाही धक्का खाते. डिस्क पिंजऱ्याला घट्ट कसावी आणि रबर पिंजरा व कॅबिनेट यांच्यात घालावे. अशा वेळी पिंजऱ्याचे वजनच थरथर दाबून धरते. रबरामुळे पिंजरा विजेच्या दृष्टीने सुटा पडतो, तेव्हा एका स्क्रूखालचा रंग खरवडून किंवा छोटी तार जोडून तो कॅबिनेटशी जोडलेला राहील असे पाहावे.

समोरची दाबून पाडलेली जाळी हवा फार अडवते. ती कापून काढली तर डिस्क काही अंशांनी थंड राहतात. 120 मिमीच्या पंख्यासाठी 116 मिमी व्यासाचे भोक आणि स्क्रूंमध्ये 105 मिमी अंतर. कटिंग डिस्कने कापत असाल तर डोळ्यांवर चष्मा हवाच. ती पातळ चकती तिरकी झाली की तुटून उडते. कापलेली कड कानशीने घासून तिच्यावर रबरी पट्टी चढवावी. त्यानंतर पिंजऱ्याच्या चहूबाजूंच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवाव्या, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते आणि डिस्कच्या बाजूने निसटून जाते. पंखा चालू करून टिश्यू पेपरची पट्टी पिंजऱ्याच्या मागे प्रत्येक फटीसमोर धरा. कुठे ती हलत नाही ते लगेच दिसते. बहुतेक वेळा पंख्याच्या मधल्या बुंध्यासमोरची जागा मेलेली असते. पंखा आणि डिस्क यांच्यातली ती दहा-पंधरा मिमी यासाठीच.

विजेचा भाग सर्वांत काळजीचा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर घेते. आठ डिस्क एकदम फिरू लागल्या तर 16 अँपिअर, म्हणजे 192 वॉट, काही सेकंदांसाठी. एसएमपीएसमध्ये ही ताकद असली तरी ती कोणत्या तारेतून येते हा प्रश्न उरतो. साटा वीज-कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण साडेचार. त्या एका कनेक्टरला फाटे फोडून चार डिस्क जोडल्या तर सुरुवातीला आठ अँपिअर त्यातून ओढले जातात. प्लॅस्टिक वितळल्याचा वास याच ठिकाणी येतो. फाटे मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरपासून काढावे आणि भार दोन-तीन वेगळ्या तारांवर वाटावा. अडॅप्टर घेताना प्लॅस्टिक ओतून बंद केलेला घेऊ नका. तारा आत नीट धरल्या आहेत की एकमेकींना टेकल्या आहेत हे त्यात दिसतच नाही. प्रत्येक तारेची पिन वेगळी दिसते असा घ्या. आणि ज्याच्या तारा काढता-घालता येतात अशा एसएमपीएसची तार दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नये. प्लग बसतो, पण आतली पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि एका झटक्यात सगळ्या डिस्क जळतात.

सगळे जोडूनही एखादी नवी डिस्क अजिबात फिरली नाही, तर ती खराब आहे असे लगेच ठरवू नका. काही नव्या डिस्कमध्ये वीज-कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेवर 3.3 व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. जुने एसएमपीएस तिथे नारिंगी तारेने 3.3 व्होल्ट देतात. चार पिनांच्या कनेक्टरवरून वीज दिली की त्यात ही तारच नसते आणि डिस्क चालू होते.

शेवटी चाचणी. सगळ्या डिस्कवर एकाच वेळी स्मार्टची, म्हणजे डिस्कमधल्याच स्व-तपासणीची, लांब चाचणी लावून काही तास तापमान पाहावे, झाकण बंद ठेवून. मधली डिस्क सर्वांत तापते. अनेक उत्पादक कमाल मर्यादा 60 अंश देतात, पण 45च्या वर जाऊ लागली तर फटी आणि पंखा पुन्हा तपासावे. स्मार्टमधला 199 क्रमांकाचा आकडा, म्हणजे डेटा पोचवतानाच्या चुकांची मोजणी, वाढताना दिसला, तर दोष सहसा डिस्कचा नसून साटा तारेचा असतो. ती पिंजऱ्याच्या कडेवर दाबली गेली आहे का ते आधी पाहा.

आता एक विनंती. वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पानांवर कॅबिनेटची परीक्षणे छापली जातात. त्यांत पंख्यांची संख्या, काचेची जाडी, दिव्यांचे रंग असतात. परीक्षकाने हाती फुटपट्टी घेऊन आणखी चार आकडे द्यावेत: पुढच्या पत्र्यापासून मदरबोर्डपर्यंतचे अंतर, कप्प्याची आतली रुंदी व उंची, पत्र्याची जाडी, आणि चौकट रिव्हेटने पक्की आहे की स्क्रूने. उत्पादक हे आकडे क्वचितच देतात, आणि कॅबिनेट घरी आणल्यावर ते कळून फारसा उपयोग नसतो.

आपला,
एक वाचक