गाडीवरचे डांबर आणि थिनरची बाटली

महोदय,

पावसाळ्याआधी डांबरीकरण उरकण्याची घाई सुरू झाली की गाड्यांच्या दारांवर, मागच्या बंपरवर आणि चाकांमागच्या पत्र्यावर काळे ठिपके दिसू लागतात. मग कोणी ते नखाने खरवडतो, कोणी दाढीच्या ब्लेडने, तर कोणी हार्डवेअरच्या दुकानातून थिनरची बाटली आणतो. डाग निघतात, पण रंगाची चमक घेऊनच.

हे ठिपके नेहमी गरम डांबराचेच असतात असे नाही. नवा थर जुन्या रस्त्याला धरून राहावा म्हणून आधी ‘टॅक कोट’ फवारतात. तो बहुधा इमल्शनचा असतो, म्हणजे पाण्यात फेटलेल्या डांबराचा. ताजे इमल्शन चॉकलेटी दिसते. त्यातले पाणी सुटून उडाले की ते काळे पडते आणि पक्के चिकटते. कोकणातल्या दमट हवेत याला जास्त वेळ लागतो, विदर्भातल्या उन्हात कमी. रंग चॉकलेटी आहे तोवर बाटलीभर पाणी ओतले तरी बरेचसे निघून जाते. काळे पडल्यावर मात्र पाणी, शाम्पू, भांड्यांचा साबण यांचा उपयोग नाही. डांबर पाण्यात विरघळत नाही, तेलाच्या जातीच्या द्रवात विरघळते.

तो द्रव कोणता, इथेच घोळ होतो. ऑइल पेंट पातळ करायला वापरतात ते टर्पेंटाइन हवे, किंवा घरात असलेच तर रॉकेल. दुकानदार पुष्कळदा ‘एकच आहे’ म्हणत थिनर हातात ठेवतो. एकच नाही! या एनसी थिनरमध्ये (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचे थिनर) टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखे जहाल द्रव असतात. कंपनीतून आलेल्या गाडीचा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे तो एखादा पुसटता हात सोसतोही. पण गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेल्या दारावर तेच थिनर रंग मऊ करून फडक्यावर उतरवते. शंका असल्यास दाराच्या आतल्या कडेला आधी थेंबभर लावून पाहा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तिथेच थांबा.

डाग काढायला बसण्यापूर्वी गाडी सावलीत लावून पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. भरपूर पाण्याने आणि कार शाम्पूने धूळ काढून टाका. ही पायरी लोक गाळतात आणि मग ओरखड्यांचा दोष टर्पेंटाइनला देतात. सुती कापडाची घडी टर्पेंटाइनमध्ये भिजवून डागावर नुसती ठेवा; एक-दोन मिनिटे, डाग जुना असेल तर आणखी थोडी. काळा रंग ओघळायला लागला की मऊ मायक्रोफायबरने हलके उचलून घ्या. रगडायचे नाही, गोल फिरवायचे नाही. डांबराच्या थेंबात बारीक कच अडकलेली असते. दाब दिला की तीच कच पॉलिशपेपरचे काम करते. वरच्या पारदर्शक क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी बाजू घ्या, नाहीतर विरघळलेले डांबर हातभर जागेत पसरते आणि पांढऱ्या गाडीवर पिवळट ढग उमटतो.

एका वेळी दोन फूट लांबरुंदीचाच भाग घ्या आणि द्रव वाळू देऊ नका. तेवढा भाग संपला की लगेच शाम्पूने धुवा. रॉकेल वापरले असेल तर दोनदा, कारण त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. नंतर वॅक्स लावा, कारण डांबराबरोबर आधीचे वॅक्सही गेलेले असते. क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) असल्यास तो डांबर निघाल्यावर आणि भरपूर शाम्पूपाणी मारूनच फिरवावा. आधी फिरवला तर डांबर त्यातच मळते आणि महागडी वडी वाया जाते.

पेट्रोलने डाग निघतो, पण ते झपाट्याने उडते आणि ठिणगी पडली तर गाडीच जाईल. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट काचेला पेट्रोल किंवा थिनर लागले तर बारीक तडे जाऊ शकतात. न रंगवलेले काळे प्लास्टिक आणि रबराच्या पट्ट्याही यापासून लांब ठेवा. अलॉय व्हील पुसताना ब्रेकच्या डिस्कवर तेलकट काही जाऊ देऊ नका. घरात टर्पेंटाइन किंवा रॉकेल काहीच नसेल तर खोबरेल तेल लावून तासभर ठेवा. वेळ लागतो, पण रंगाला धोका नाही आणि हाताला लागलेले डांबरही त्यानेच सुटते. महिनोन्‌महिने राहिलेल्या डागाखाली कधीकधी तपकिरी छटा उरते. डांबरातला तेलकट अंश तोवर रंगात मुरलेला असतो, त्याला टर्पेंटाइन पुरत नाही, पॉलिशच करावे लागते.

आता मुद्दा रस्त्याचा. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या बांधकाम तपशिलात स्पष्ट आहे की टॅक कोटवर कामासाठी आवश्यक वाहनांखेरीज कोणतेही वाहन सोडायचे नाही. प्रत्यक्षात सकाळी फवारणी होते, डंपर दुपारी येतो आणि मधल्या वेळेत अख्खी वाहतूक त्यावरून जाते. त्यात थर रस्त्यावरून निघून टायरला लागतो, म्हणजे जुन्या-नव्याची पकडही तिथेच सुटते. ठेकेदाराने फवारणी तेवढ्याच लांबीची करावी जेवढा थर त्याच पाळीत पसरता येईल, आणि निदान अर्ध्या रुंदीत काम करून उरलेली बाजू कोरडी ठेवावी. महापालिकेच्या आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांनी बिलावर सही करण्याआधी एवढे पाहायला हवे.

— एक वाचक