गुरूपर्यंतच्या सौरऊर्जेसाठी नागपुरात चाचणीकक्ष हवा

मा. राज्यमंत्री, अंतराळ विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सादर नमस्कार.

आपले मंगळयान २०१४ साली सौरऊर्जेच्या बळावर मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने शुक्राच्या मोहिमेलाही मंजुरी दिली. आता गुरूपर्यंत जाण्याची तयारी आजच सुरू व्हावी, आणि तिची सुरुवात सौरघटांच्या चाचणीपासून व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर असल्याने तिथे आपल्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतकेच ऊन पोहोचते. गुरूच्या अभ्यासासाठी ‘नासा’ने पाठवलेल्या ‘ज्युनो’ यानाचे जे सौरपंख (सौरघट बसवलेले फलक) पृथ्वीजवळ सुमारे १४ किलोवॉट वीज देऊ शकत होते, त्यांच्याकडून गुरूजवळ जेमतेम ५०० वॉट मिळाले. तरीही २०१६ पासून त्या यानाने तिथे काम केले. किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेपासून वीज देणारी अणुबॅटरी हा दुसरा पर्याय; पण तिला लागणारे प्लुटोनियम-२३८ अत्यंत दुर्मीळ असल्याने सौरऊर्जेचा हा मार्ग आपल्यालाही मोलाचा आहे.

मात्र पंख मोठे केले की काम भागते, असे नाही. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी सौरघटावर कापडाचा एकेक पदर चढवत जातात, तेव्हा प्रवाह प्रकाशाच्या प्रमाणात घटतो, व्होल्टेज मात्र बराच वेळ तग धरून राहते. नागपूरच्या मे महिन्यातील तापलेल्या गच्चीवर व्होल्टेज घसरते. थंडीत ते वाढते, म्हणजे गुरूजवळचा गारठा एका परीने उपकारकच. खरी अडचण निराळी आहे. घटातील सूक्ष्म दोषांतून होणारी विजेची गळती भर उन्हात नगण्य असते. पण मंद प्रकाशात मुळात वीजच थोडी तयार होत असल्याने तीच गळती तिचा मोठा वाटा गिळते. म्हणून पृथ्वीवरच्या उन्हात सारखेच उत्तम ठरलेले दोन घट तिथे अगदी वेगळे वागू शकतात, आणि अशा मोहिमेसाठी घट मंद प्रकाशात व कडाक्याच्या थंडीत तपासूनच निवडावे लागतात. गुरूभोवतीच्या तीव्र किरणोत्सर्गाचा मारा सोसण्याची परीक्षा आणखी वेगळी.

नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, विद्यापीठ आहे आणि अशा कामाची मनापासून ओढ असलेले विद्यार्थी आहेत. उणे १३० अंशांपर्यंत थंड होणारा, प्रकाश सत्ताविसाव्या हिश्श्यावर आणता येणारा निर्वात चाचणीकक्ष येथे उभारावा आणि विद्यापीठांतील अंतराळ-संशोधनाला साहाय्य करणाऱ्या इस्रोच्या ‘रिस्पॉन्ड’ योजनेतून या विषयावर विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवावेत, अशी आग्रहाची विनंती आहे. यान बांधून गुरूपर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे लागतात. आज पदवीच्या वर्गात बसलेली मुलेच ते काम करणार आहेत. याबाबत विभागाची भूमिका कळवावी.

आपला विश्वासू,
पदार्थविज्ञानाचा एक प्राध्यापक, नागपूर