गोळी घेतलीस का?

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा ओपीडीत कळलं. निरोप घ्यायचा राहून गेला, म्हणून हे पत्र. नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे, हे तुमच्याआधीही एका दवाखान्यात सांगितलं होतं. चार मिनिटांत, उभ्या उभ्या. घरी कसं वागायचं ते विचारायला आई पुढे झाली, तोवर पुढचा नंबर पुकारला होता.

तुम्ही इचलकरंजीत आमच्या घरी आलात, पलंगाच्या कडेला टेकलात आणि विचारलंत, "गोळी घेतलीस का, असं याला दिवसातून किती वेळा विचारता?" आई म्हणाली, दोन-तीनदा. तुम्ही मला मोजायला लावलंत. मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी रेघा मारत गेले. आई, बाबा, काकू, खालच्या मजल्यावरची आजीसुद्धा. रात्रीपर्यंत 19.

पत्रिका बघून आई ओशाळली. "म्हणजे आमच्यामुळंच झालं काय हे?" तुम्ही लगेच म्हणालात, आजार घरच्यांमुळे होत नाही, पण सारखं टोचून बोलणं किंवा अति काळजीनं मागे लागणं, यानं तो उलटू शकतो. लंडनच्या जुन्या अभ्यासात अशा घरांत आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर बसणं धोक्याचं ठरलं होतं म्हणे. आमच्या दोन खोल्यांत 35 तास बुधवारी सकाळीच भरतात! म्हणून आई पुन्हा भजनी मंडळात जायला लागली आणि दादा दुपारी शेजारच्यांच्या यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायला. गोळीचं विचारायचं एकानंच, रात्री नऊला, एकदाच.

नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमा तुम्ही बंद करायला लावल्या नाहीत. "जा, पण गोळ्यांची डबी बरोबर न्या," एवढंच. अमृतसरला 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबूत राहायला बोलवायचे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईनं घाबरून विचारलं होतं, "आमाला पण तंबूत ऱ्हावं लागंल?" दादा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसला.

एक गोष्ट मात्र सोपी नव्हती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला उपचारांच्या निर्णयांत साथ द्यायला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, साध्या कागदावर सही करून. दादानं माझं नाव लिहिलं. बाबांना ते फार लागलं. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तुम्ही त्यांना समजावायला गेला नाहीत, नुसत्या त्यांच्याबरोबर मागाच्या शेडबाहेर बसलात. काय बोलणं झालं ते अजून आम्हाला माहीत नाही. दिवाळीत दादाची झोप उडाली, त्यानं टीव्हीचं तोंड भिंतीकडे केलं, तेव्हा तुम्ही लिहून घेतलेली लक्षणांची यादी बाबांनीच काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आले. या खेपेला ॲडमिट करावं लागलं नाही.

परवा नव्या मॅडमनी फाइल उघडली आणि पहिला प्रश्न बाबांना टाकला, "गोळीचं घरात किती जण विचारता?" तुम्हीच लिहून ठेवलं असणार. बाबा ताठ बसून म्हणाले, "एकच." आईनं माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. साडेनऊला ते हळूच अजून एकदा विचारतात.

तुमची,
दादाची धाकटी बहीण